कर्करुग्णाची घरची काळजी: पॅलिएटिव्ह टीममधल्या सिस्टरचं काम, पहिल्या भेटीपासून शेवटपर्यंत

मिरजेला किंवा सांगलीला किमो-रेडिएशन झालं, पुढे "आता घरीच सांभाळा" असं ठरलं आणि पेशंट जत, आटपाडी नाहीतर शिराळ्याकडच्या आपल्या गावी परतला, की त्याच्या दुखण्याची खरी राखण सिस्टरकडे येते. जतच्या पेशंटला ठणका वाढला म्हणून दरवेळी एसटीने दोन-अडीच तास मिरजेला नेणं कुणालाच झेपत नाही. पॅलिएटिव्ह, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करणाऱ्या, टीममध्ये डॉक्टर, फिजिओ, समाजसेवक, फार्मासिस्ट, आशाताई सगळे असतात. पण घरात जाऊन चादर बाजूला करून बघते ती सिस्टर. तिने काय पाहिलं आणि ते डॉक्टरांना कोणत्या शब्दांत कळवलं, यावर पेशंटची पुढची रात्र अवलंबून असते.

हा लेख घरभेटी करणाऱ्या स्टाफ नर्स, आरोग्यसेविका आणि उपकेंद्रावरच्या सीएचओंसाठी (समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांसाठी) आहे. खाली औषधांचे जे डोस येतील ते डॉक्टरांच्या लेखी आदेशानेच द्यायचे. डोस ठरवणं सिस्टरचं काम नाही, पण तो तेवढाच का ठरला हे तिला माहीत हवं. नाहीतर चूक झालेली तिच्या लक्षात येणार नाही.

घरी पाठवण्याआधी: 'जर-तर'चा कागद

डिस्चार्जच्या दिवशी फाइलमध्ये निदान, तपासण्या, झालेले उपचार सगळं असतं. रात्री अकराला उलटी सुरू झाली तर काय करायचं, हे मात्र बहुतेक वेळा कुठेच नसतं. म्हणून पेशंट वॉर्डमधून हलण्याआधी डॉक्टरांकडून एका पानावर पुढचं लिहून घ्या, खाली तारीख आणि सही:

– मधेच ठणका उसळला तर कोणती गोळी, किती, आणि किती वेळाने परत.
– उलटीत गोळी पडली तर काय करायचं.
– दोन दिवस परसाकडे झालं नाही तर कोणतं औषध वाढवायचं.
– जखमेतून रक्त आलं तर काय लावायचं आणि मोठा रक्तस्राव झाला तर दवाखान्यात न्यायचं की घरीच आराम द्यायचा.
– गोळी गिळता येईना झाली तर कोणत्या मार्गाने औषध.
– रात्री कोणाला फोन, आणि त्यांनी उचलला नाही तर कोणाला.

हा कागद तयार असेल तर सिस्टर घरात उभ्या उभ्या निर्णय घेऊ शकते. नसेल तर ती फक्त निरोप्या होते, आणि निरोप पोचेपर्यंत पेशंट तळमळत राहतो. एक प्रत घरी, एक आपल्याकडे, एक प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवा.

त्याच वेळी समाजसेवकाकडून दोन गोष्टी मार्गी लावून घ्या: संजय गांधी निराधार योजनेत पेशंट बसतो का, आणि एसटी-रेल्वेच्या सवलतीचा दाखला. पैशाची चणचण असली की घरचे पहिली कात्री गोळ्यांना लावतात, म्हणून हे कामही दुखण्याच्या उपचारातच धरायचं.

घरात गेल्यावर

बॅगेत बीपीचं यंत्र, थर्मामीटर, ऑक्सिमीटर, टॉर्च, हातमोजे, गॉज, चिमटा, २० आणि ५० मिलीच्या सिरिंज, २३ नंबरची बटरफ्लाय सुई, राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी), लघवीची नळी आणि पिशवी, मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या, ग्लिसरिन सपोझिटरी (गुदमार्गात ठेवायची औषधी वडी), चिकटपट्टी आणि वही असू द्या.

आत गेल्या गेल्या बीपी लावायला बसू नका. आधी पेशंटशेजारी, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसा आणि विचारा: "आण्णा, आज सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतोय?" घरच्यांना वाटतं जेवण जात नाही हाच मोठा त्रास, पेशंटला मात्र रात्रीची धाप किंवा तोंडाचा वास छळत असतो. त्याचं उत्तर जसंच्या तसं वहीत उतरवा. मग थकवा, मळमळ, झोप, भूक, धाप, उदासी, काळजी हे एकेक करून विचारा. मग तपासा: तोंड उघडून टॉर्चने आत बघा, पाठ आणि माकडहाड बघा, पोट दाबून बघा, पाय बघा, गोळ्यांची पाकिटं मागवून शिल्लक मोजा.

गोळ्या मोजणं सोडू नका. "वेळेवर देतोय की" असं सांगणाऱ्या घरातही आठवड्याच्या निम्म्या गोळ्या शिल्लक निघतात. बहुतेक वेळा त्यामागे भीती असते. त्यामुळे रागावू नका, "कशाची काळजी वाटली?" एवढंच विचारा.

निघण्याआधी, सांभाळणाऱ्या बाईला बाजूला घेऊन दोन प्रश्न विचारायचे: रात्री किती वेळा उठावं लागतं, आणि पाठ दुखते का. सून किंवा बायको कोलमडली की घरची काळजी त्याच दिवशी संपते.

दुखणं मोजायची रीत

० ते १० या पट्टीवर तरुण पेशंट लगेच आकडा सांगतो. साठी-सत्तरीच्या माणसाला आण्यात विचारा: "आक्का, सोळा आणे म्हणजे सोसवत नाही असं, तर आत्ता किती आणे?" "काल बारा आणे होतं, आता सहा आण्यावर आलंय" असं उत्तर सहज येतं आणि पुढच्या भेटीला तुलना करता येते. जतच्या दक्षिणेकडच्या गावांत पेशंट कन्नड बोलणारा असेल तर घरातल्या लहान पोराला दुभाषा करू नका. आशाताईंना सोबत घ्या.

दुखणं किती याइतकंच ते कसं आहे हेही महत्त्वाचं. ठणका किंवा एका जागी सतत दुखणं हे हाडातलं किंवा मांसातलं असतं. त्याला मॉर्फिन (जोरदार वेदनाशामक) आणि सूज कमी करणाऱ्या गोळ्या उपयोगी पडतात. आग होते, झिणझिण्या येतात, करंट बसल्यासारखी चमक जाते, हे नसेचं दुखणं. त्यात नुसतं मॉर्फिन वाढवत नेलं तर गुंगी वाढते, आग तशीच राहते. तिथे डॉक्टर रात्री अ‍ॅमिट्रिप्टिलिन १० ते २५ मिग्रॅ किंवा गाबापेंटिन, प्रीगाबालिन जोडतात. मुरडा मारून कळा येत असतील तर आतडं किंवा लघवीची वाट तुंबली आहे का ते बघावं लागतं. फोनवर "पेशंटला दुखतंय" एवढंच सांगितलं तर यातलं काहीच डॉक्टरांना कळत नाही.

मॉर्फिन: इथे सगळं वेळेवर अवलंबून

साधी, म्हणजे लवकर विरघळणारी मॉर्फिनची गोळी साधारण चार तास काम करते. म्हणून ती चार-चार तासांनी, दुखो वा न दुखो, द्यायची असते. नेहमीची सुरुवात ५ मिग्रॅने होते. खूप अशक्त, म्हातारे किंवा किडनी कमजोर असलेल्यांत २.५ मिग्रॅने, आणि तिथे दोन डोसांतलं अंतरही वाढवतात. वेळा अशा: सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १०. रात्री १० चा डोस दुप्पट, म्हणजे मध्यरात्री उठवावं लागत नाही. ५ मिग्रॅच्या हिशेबाने दिवसाचे होतात ३० मिग्रॅ.

घड्याळाकडे फारसं न बघणाऱ्या घरात वेळ घरच्या कामाला बांधा. सकाळ-संध्याकाळचा ६ चा डोस डेअरीला दूध घालायच्या वेळी, १० चा रानात निघण्याआधी, २ चा जेवणानंतर. वाचता न येणाऱ्यांसाठी पाच छोटी पाकिटं करून त्यांवर उगवता सूर्य, वर आलेला सूर्य, ताट, मावळता सूर्य आणि चंद्र काढून द्या. चंद्राच्या पाकिटात दुप्पट.

मधे ठणका उसळला तर जादा डोस, साधारणपणे एका वेळच्या डोसाइतका, म्हणजे इथे ५ मिग्रॅ. जादा डोस दिला तरी पुढचा ठरलेला डोस चुकवायचा नाही. प्रत्येक जादा डोसाची वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरवर रेघ मारून लिहायला लावा. २४ तासांत तीन किंवा अधिक रेघा दिसल्या की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. समजा चार जादा डोस लागले: ३० आणि २० मिळून ५० मिग्रॅ, भागिले ६ म्हणजे ८ च्या आसपास. डॉक्टर बहुधा एका वेळचा डोस ७.५ किंवा १० मिग्रॅ करतील. हा हिशेब तुम्हीच करून फोनवर सांगितला तर निर्णय दोन मिनिटांत होतो.

कुठे बिघडतं ते पाहू.

सगळ्यात जास्त नुकसान "लागेल तशी द्या" या सूचनेने होतं. पेशंट सोसून सोसून अगदी असह्य झाल्यावर गोळी मागतो, ती चढायला अर्धा-पाऊण तास जातो, आणि घरच्यांना वाटतं गोळी लागूच पडत नाही. दुसरं, मॉर्फिन सुरू झाल्यावरही ट्रॅमाडॉल (आधीची वेदनाशामक गोळी) चालू राहतं, कारण जुनं पाकीट उशाशी असतं. ते डॉक्टरांना विचारून बंद करायचं. पॅरासिटामॉल मात्र चालू राहू शकतं, दिवसाला ४ ग्रॅमच्या आत, अशक्त माणसात ३ ग्रॅमच्या आत.

तिसरं, बद्धकोष्ठता. मॉर्फिनच्या इतर त्रासांना शरीर सरावतं, याला सरावत नाही. म्हणून पहिल्या गोळीसोबतच रेचक सुरू हवं: बिसाकोडिल १० मिग्रॅ रात्री, गरज पडल्यास लॅक्टुलोज. "पोट साफ होतंय का" असं विचारू नका, हो म्हणून मोकळे होतात. "शेवटचं परसाकडे कधी झालं, आणि खडा होता की मऊ?" असं विचारा. तीन दिवस काही नाही तर हातमोजा घालून गुदमार्ग तपासा. खडा भरलेला असेल तर आधी सपोझिटरी किंवा एनिमा. वरून नुसती गोळी वाढवली तर कळा वाढतात. आणि बरेच दिवस कोंडल्यावर अचानक पातळ गळायला लागलं तर ते जुलाब समजून बंद करणारं औषध देऊ नका. खड्याच्या कडेने पाणी वाहत असतं.

चौथं, पहिल्या तीन-चार दिवसांतली गुंगी आणि मळमळ. याची कल्पना आधी दिली नाही तर घरचे घाबरून तिसऱ्या दिवशी गोळी बंद करतात. कित्येक रात्री न झोपलेला माणूस दुखणं थांबल्यावर झोपणारच. मळमळीसाठी पहिला आठवडा मेटोक्लोप्रामाइड १० मिग्रॅ डॉक्टर लिहून देतात. आतडं तुंबल्याची शंका असेल तर ते देत नाहीत.

खरी धोक्याची खूण वेगळी असते: हाक मारूनही नीट जागा न होणं, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक, एका पूर्ण मिनिटात श्वास १० पेक्षा कमी, हातापायाला झटके, नसलेलं दिसणं. असं असेल तर पुढचा डोस थांबवा आणि लगेच फोन करा. लघवी दोन दिवसांत बरीच कमी झाली असेल तर तेही सांगा. किडनी मंदावली की मॉर्फिन शरीरात साठत जातं.

आणि एक गोष्ट मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: एसआर (हळूहळू विरघळणारी) लिहिलेली गोळी कधीही कुटायची नाही, नळीतून द्यायची नाही. बारा तासांचं औषध एकदम अंगात जातं. साधी गोळी कुटून पाण्यात विरघळवून देता येते.

"याची सवय लागेल" ही शंका जवळजवळ प्रत्येक घरात येते. दुखण्यासाठी, ठरलेल्या वेळी, मोजून दिलेल्या औषधाला व्यसन म्हणत नाहीत, आणि दुखणं कमी झालं तर डोस हळूहळू उतरवता येतो, हे शांतपणे, पेशंटसमोरच सांगा. एकदम बंद मात्र करायचं नाही.

अमली पदार्थ कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला मॉर्फिन ठेवण्यासाठी पूर्वीसारखे अनेक परवाने लागत नाहीत. तरीही ते प्रत्येक गावच्या मेडिकलमध्ये मिळणार नाही. आपला पेशंट कुठून घेतो, कोण आणायला जातं, साठा कधी संपतो, हे वहीत असू द्या. शनिवारी संध्याकाळी संपणारा साठा गुरुवारीच भरून घ्या. घरात तो कुलपात, पोरांच्या हाताला लागणार नाही असा.

तोंडाची आणि गालाची जखम

आपल्याकडे तंबाखू, मशेरी, गुटख्यामुळे तोंडाचा कॅन्सर फार, त्यामुळे गालाबाहेर आलेली, चिघळलेली जखम सिस्टरला वारंवार हाताळावी लागते. ती भरून येणार नाही, हे मनात पक्कं असू द्या. वास, स्राव, रक्त आणि ड्रेसिंगचं दुखणं कमी करायचं, एवढंच साधायचं आहे आणि ते साधतं.

ड्रेसिंगआधी अर्धा ते पाऊण तास मॉर्फिनचा डोस दिलेला हवा. एक लिटर पाणी दहा मिनिटं उकळा, त्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा साधारण दीड सपाट चमचा, आणि कोमट होऊ द्या. जुनं गॉज याच पाण्याने भिजवून पाच-दहा मिनिटं थांबा. ते आपोआप सुटलं पाहिजे. ओढून काढलं की रक्त सुरू होतं. मग सिरिंजने हलकी धार सोडून धुवा, घासू नका. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि स्पिरिट जखमेला लावू नका, भयंकर झोंबतं.

वासासाठी मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या मिक्सरमध्ये नाहीतर खलबत्त्यात अगदी बारीक करून ती पूड जखमेवर भुरभुरा. त्यावर व्हॅसलीन लावलेलं गॉज, वर जाड पॅड. पट्टी विकत घेणं परवडत नसेल तर मऊ सुती जुनी साडी उकळून, कडक उन्हात वाळवून, इस्त्री करून चालते. रोज केलं तर दोन-चार दिवसांत वासात फरक पडतो, आणि शेजारी बसायला टाळणारी नातवंडं परत जवळ यायला लागतात. उदबत्ती आणि अत्तराने वास झाकायचा प्रयत्न केला तर पेशंटची मळमळ वाढते. खिडकी उघडी ठेवा.

माशी बसली की अळ्या होतात, म्हणून जखम झाकलेली आणि पलंगाला मच्छरदाणी. अळ्या झाल्याच तर औषधी टर्पेंटाइन तेलात भिजवलेलं गॉज जखमेच्या तोंडाशी काही मिनिटं धरा, बाहेर येतील तशा चिमट्याने काढा, नंतर धुवा. दोन-तीन दिवस परत करावं लागतं. रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन वापरू नका, आणि डोळ्याजवळ हे अजिबात करू नका. पेशंट आणि घरचे शरमेने अर्धे झालेले असतात. चेहऱ्यावर काहीही न दाखवता काम करा.

रक्त पाझरत असेल तर ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिडच्या इंजेक्शनमध्ये भिजवलेलं गॉज लावून सलग दहा मिनिटं दाबून धरा, मधेच उचलून बघू नका. मानेतल्या मोठ्या शिरेजवळ जखम असेल तर मोठा रक्तस्राव होऊ शकतो. अशा घरात गडद रंगाचे टॉवेल आणि चादर हाताशी ठेवा, कारण पांढऱ्या कापडावरचं रक्त पाहून सगळे हादरतात. तशी वेळ आली तर पेशंटला कुशीवर करा, कापड दाबा, कागदावर लिहिलं असेल ते गुंगीचं औषध द्या आणि त्याच्याजवळ थांबा. सामान शोधायला पळापळ करून त्याला एकटं सोडू नका.

नाकातली नळी

प्रत्येक फीडआधी, म्हणजे नळीतून अन्न देण्याआधी, नाकाजवळची खूण जागेवर आहे का ते बघा. नवी नळी घातल्यावर पोटातलं पाणी ओढून त्याचा पीएच (आम्लता मोजणारा आकडा) ५.५ किंवा कमी आहे का तपासा. नुसती हवा सोडून स्टेथोने ऐकणं पुरेसं भरवशाचं नाही. शंका असेल तर एक्स-रे झाल्याशिवाय काही द्यायचं नाही. रेडिएशन झालेल्या घशात नळी अडली तर जोर लावू नका.

एका वेळी २०० ते २५० मिली, सिरिंजचा दट्ट्या काढून, उंचीवरून आपोआप उतरू द्या. पंधरा-वीस मिनिटं लागली पाहिजेत. नाचणीची पातळ आंबील, डाळ, दूध, ताक, सगळं बारीक गाळून. डोकं-पाठ निदान ३० अंश वर, फीडनंतरही अर्धा ते एक तास तसंच. शेवटी ३० ते ५० मिली साधं पाणी. नळी तुंबण्याची मुख्य कारणं दोन: नीट न गाळलेलं अन्न आणि एकत्र कालवून दिलेल्या गोळ्या. तुंबली तर मोठ्या सिरिंजने कोमट पाणी हलकेच पुढे-मागे करा; तार घालू नका.

"त्यांना काही सांगू नका"

दारातच मुलगा सांगतो: "सिस्टर, तात्यांना काय बोलू नका, खचतील." त्याच्याशी वाद घालू नका आणि त्याला वचनही देऊ नका. म्हणा: "दादा, मी आपणहून काही सांगणार नाही. पण तात्यांनी मला विचारलं तर खोटंही बोलणार नाही. त्यांना काय वाटतंय ते आधी ऐकू या." मग तात्यांना विचारा: "तात्या, आजाराबद्दल तुम्हाला काय सांगितलंय?" बहुतेकांना सगळं कळलेलं असतं, ते पोरांना त्रास नको म्हणून गप्प असतात. "मी बरा होणार ना?" असं थेट विचारलं तर लगेच हो-नाही करू नका. "असं का वाटलं आज?" म्हणा आणि थांबा. पुढे तेच बोलतात: शेत कुणाच्या नावावर करायचं, पोरीला बघायचंय, दुखू नये एवढंच. ते डॉक्टर आणि समाजसेवकांपर्यंत न्या, आणि सगळ्यांना एकत्र बसवून बोलणं घडवून आणा.

फोन कधी आणि कसा

काही गोष्टींसाठी पुढच्या भेटीची वाट पाहायची नाही. पाठीत नवीन दुखणं आणि पायांत कमजोरी, लघवी अडकणं किंवा कमरेखाली बधिरपणा हे कण्यातल्या नसेवर दाब आल्याचं लक्षण आहे. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठलं तर पाय वाचू शकतात. किमो चालू असताना ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, चेहरा-मान सुजून धाप, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज, खूप तहान आणि बरळणं हेही तातडीचं.

फोन चार वाक्यांत: पेशंट कोण, काय बदललं, मी काय पाहिलं, मला काय हवंय. उदाहरणार्थ: "सर, आटपाडीचे गालाच्या कॅन्सरचे पेशंट, वय ५८. काल रात्रीपासून ठणका बारा आणे, चार जादा डोस लागले. श्वास १६, जागे आहेत, परसाकडे काल झालं. दिवसाचे ५० मिग्रॅ जाताहेत. डोस वाढवायचा का?" जे ठरलं ते वेळ टाकून तिथेच लिहा, परत वाचून दाखवा.

शेवटचे दिवस

दिवसभर अंथरुणात, एक-दोन घोटांपलीकडे काही जात नाही, बहुतेक वेळ झोपेत, गोळी गिळत नाही, असं दिसलं की टीमला कळवा. बीपी, साखर, कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांची आता गरज आहे का ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या. दुखण्याचं औषध मात्र बंद करायचं नाही, मार्ग बदलायचा: बटरफ्लाय सुई पोटाच्या किंवा छातीच्या वरच्या भागाच्या कातडीखाली, तिथून मॉर्फिन तोंडाच्या निम्म्या मात्रेत लागतं. घशात घरघर वाजत असेल तर कुशीवर झोपवा, ग्लायकोपायरोलेट ०.२ मिग्रॅ कातडीखाली. खोलवर सक्शन करू नका. घरघर पेशंटपेक्षा ऐकणाऱ्यांना जास्त छळते, हे त्यांना सांगा.

"उपाशी ठेवलंय" या भावनेने घरचे चमच्याने पाणी ओततात आणि ते श्वासनळीत जातं. गंगाजळ-तुळशीपत्र ठेवायचं असेल तर जरूर ठेवू द्या: ओठावर दोन थेंब, कापसाने. ओठ-जीभ दर तासा-दोन तासाला ओली करायचं काम मुलीकडे नाहीतर सुनेकडे द्या. हाताला काम असलेलं माणूस धीराने बसतं. दर दोन तासांनी कूस बदला, बदलल्यावर पेशंट कण्हत असेल तर अंतर वाढवा.

घरी मृत्यू झाल्यावर मृत्यूचं कारण नोंदवणारा ४-अ फॉर्म डॉक्टरांकडून लागतो, आणि ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत नोंद. कोणते डॉक्टर येणार हे आधीच ठरवून ठेवा, नाहीतर त्या तासाला धावाधाव होते. नळ्या काढा, जखमेवर स्वच्छ पट्टी बांधा, आंघोळ घालणाऱ्यांना हातमोजे द्या. उरलेलं मॉर्फिन मोजून, लिहून, दिलेल्या संस्थेत परत करा.

तेराव्यानंतर एक भेट ठेवाच. एअर बेड परत घ्यायचा असतो, दाखल्यांचं अडलंय का ते बघायचं असतं, बायको जेवते-झोपते का हे विचारायचं असतं. आणि टॉर्च सोबत न्या. त्याच घरात मशेरी लावणारं, तंबाखू मळणारं आणखी कोणीतरी असतं. गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेली चिर, तोंड तीन बोटंही न उघडणं, यांतलं काही दिसलं तर त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणीला पाठवा आणि गेले का ते आशाताईंकडून विचारून घ्या.